हातचा

नव्या नियमाचा पहिला शुक्रवार.
पिशवीला डकवलेली पावती
वीतभर असायची, ती आज हातभर.
मी चष्मा पुसते, टेबलावर तिला सरळ करते,
सूप निवलं तर निवू दे.

एकतीस वर्षं पोर्टोच्या जकात कचेरीत
मी बेरजा तपासल्या.
खारवलेल्या माशांच्या पेट्या, बुचांच्या गोणी,
एकदा तर कुणाचा तरी आख्खा पियानो.
आकडे खोटं बोलत नाहीत असं म्हणणारे
आकड्यांशेजारी कधी बसलेलेच नसतात.
आकडा खोटं बोलत नाही, खरंय.
गप्प बसतो.
तेवढ्याने भागतं.

आजवर एकच ओळ यायची:
एकूण सोळा युरो.
खाली एक हसरा चेहरा.

आता सरकारने त्या चेहऱ्याला तोंड उघडायला लावलंय.
कोबीचं सूप, माशाचे वडे: अकरा.
त्यातले कंपनीचे तीन तीस.
म्हणजे कोपऱ्यावरच्या देउलिंदाच्या हाती सात सत्तर,
त्यात बटाटे, गॅस, आणि सुनेची मजुरी.
आणि मी तिला म्हणत होते,
बाई गं, तुझे वडे दर महिन्याला लहान होतायत.

पोचवणी दोन नव्वद.
सेवा एक दहा. कुणी केली, ते लिहिलेलं नाही.
बक्षिसी एक.
ही माझी. दर शुक्रवारची. गुडघा गेल्यापासूनची.

आणि तळाशी, मुंगीच्या पायांनी लिहावं तसं:
पोचवणाऱ्यास हमी दोन सत्तर,
पैकी बक्षिसीतून एक.

मी पेन्सिल घेतली. परत मांडलं.
शाळेत बाई सांगायच्या, हातचा विसरू नका.
नाही विसरले, बाई.
फक्त तो कुणाच्या हातचा
हे एकसष्ट शुक्रवार विचारलं नाही.

पुढच्या खेपेला त्याला दारातच थांबवलं.
लोकेंद्र घर्ती, रोल्पाचा. नाव आज कळलं,
पडद्यावर तो नुसता 'एल' असतो
आणि नकाशावरचा एक सरकता ठिपका.
मी बोट ठेवून ती ओळ दाखवली.
त्याने दोनदा वाचली, ओठ हलवत,
परक्या भाषेत वाचतात तशी.

"मला दोन सत्तरच मिळायचे," तो म्हणाला,
"तुम्ही दिलं तरी, नाही दिलं तरी.
वाटायचं, ह्या बाई काहीच देत नाहीत.
राग नव्हता. पायऱ्या मोजायचो.
अठ्ठ्याऐंशी आहेत."

आणि मला वाटायचं,
पोराच्या तोंडून एक आभार निघत नाही.

आम्ही दोघंही हसलो नाही. खोटं कशाला सांगू?
मी नाणं त्याच्या तळव्यावर ठेवलं,
थेट, मध्ये कुणी नाही असं.
ते इतकं हलकं होतं की मलाच लाज वाटली.

मग त्याने विचारलं, अगदी सहज,
"मार्चमध्ये नऊ दिवस माझा फोन वाजलाच नाही.
एकही ऑर्डर नाही.
ते का, हे ह्यात कुठे लिहिलंय?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मुंगीच्या पायांतही पाहिलं.
उलटून पाहिलं. पाठ कोरी.

त्याच्या खिशात काहीतरी थरथरलं,
सेकंद उलटे मोजू लागलं,
आणि तो निघाला. मुठीत नाणं,
अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी,
मी पावलं ऐकत राहिले खालच्या दारापर्यंत.

कायदा करणारी माणसं वाईट नसतात.
त्यांच्यातच माझी एकतीस वर्षं गेली.
त्यांना रकाने सुचतात,
रकान्याबाहेरचं कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

सूप गार.
पावतीच्या कोऱ्या पाठीवर मी जुन्या सवयीच्या अक्षरात
सुटलेली ओळ लिहिली:
मार्च, नऊ दिवस. कारण:

आणि पुढे जागा सोडली,
उत्तर मावेल एवढी.